डाव्या पानावरची भाषा

या पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, डावीकडे पावरी, मावची, देहवाली किंवा भिलोरी मजकूर दिसेल आणि उजवीकडे त्याचा मराठी अनुवाद. मराठी वाचकाची नजर आपोआप उजवीकडे जाणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. अर्थ तिकडे मिळतो. तरीही माझी विनंती आहे की आधी डावं पान वाचावं, आणि मोठ्याने वाचावं. लिपी देवनागरीच आहे. अडखळत का होईना, दहा-बारा ओळी जिभेवरून जाऊ द्याव्यात, मग उजवीकडे यावं. नंदुरबार जिल्ह्यातल्या वाङ्मयाच्या जवळ जाण्याचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते या एका विनंतीचाच खुलासा आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के. साक्षरता ६४.४ टक्के, त्या वेळी राज्याची ८२.३ होती. राज्यात सगळ्यांत खालचा क्रमांक आमचा. हा आकडा एकदा सांगितला की वाङ्मयाची चर्चा तिथेच आटोपते. ‘तिकडे वाचनसंस्कृती कुठून असणार’, असं म्हणून लोक पुढच्या जिल्ह्याकडे वळतात. इतक्या मुलांपर्यंत शाळा धड पोचली नाही, याची लाज राज्य चालवणाऱ्यांना वाटायला हवी. पण जिथे वाचणारे कमी तिथे साहित्यही तुटपुंजं असणार, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. माझ्या घरात अहिराणी बोलली जाते, नोकरीत आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं, आणि सातपुड्यात लोकांना किती तोंडपाठ असतं हे मी इतकी वर्षं ऐकत आलो आहे.

भाषांचा पसारा आधी नीट समजून घेऊ. तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. नवापूरकडे मावची. तळोदा-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात देहवाली, वसावी. अक्राणीच्या डोंगरात पावरी आणि नोयरी, आणि नर्मदेच्या काठाने भिलोरी. एका तालुक्याच्या बाजारात उभं राहिलं तर तासाभरात यातल्या तीन-चार भाषा कानावरून जातात. जनगणनेच्या तक्त्यात मात्र पावरी, मावची, वसावी या सगळ्या ‘भिली/भिलोडी’ या एकाच मथळ्याखाली जातात. त्या मथळ्याखाली २०११ मध्ये देशभरात एक कोटी चार लाख लोक मोजले गेले. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारसुद्धा नव्हते. संस्कृत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, भिली नाही. साहित्य अकादमी दरवर्षी २४ भाषांतल्या पुस्तकांना पुरस्कार देते, त्या यादीतही भिली बसत नाही; तिच्यासाठी ‘भाषा सन्मान’ नावाची वेगळी व्यवस्था आहे. कोटीभर लोकांची भाषा अशी वेगळ्या पंगतीला बसवलेली पाहिली की मला राग येतो, आणि तो मी इथे लपवत नाही.

नवापूरचं रेल्वे स्टेशन पाहायला लोक मुद्दाम थांबतात, कारण ते अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. राज्यांची हद्द फलाटावरून जाते; एका बाकावर बसलेली दोन माणसं दोन राज्यांत असू शकतात. तिथे सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. फलाटावर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका आपसांत मावचीत बोलत असतात. ती हद्दीच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते, आणि भोंग्यातून मात्र कधीच येत नाही.

या भाषा छापून आल्याच नाहीत असं नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, त्याचा तिसरा भाग, १९०७ सालचा. स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने तो सिद्ध केला. त्यात भिल्लांच्या भाषांबरोबर खानदेशीही आहे, आणि पावरी, मावची, देहवालीचे नमुने आहेत. नमुना कसला, तर बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा. सगळीकडे एकच गोष्ट भाषांतरित करवून घ्यायची, म्हणजे व्याकरणाची तुलना सोपी जाते, अशी ती पद्धत होती. शास्त्र म्हणून ती योग्यच होती, आणि त्या खंडाचं ऋण मी मानतो. शंभर वर्षांपूर्वी क्रियापदं कशी चालत होती हे आज आपण पाहू शकतो ते त्याच्यामुळे. पण हा मजकूर बोलणाऱ्याने मनाने सांगितलेला नव्हता. बापाने इस्टेट वाटली, धाकट्याने ती उडवली, ही दूरदेशीची कथा त्याच्यापुढे ठेवली गेली आणि तुझ्या भाषेत सांग म्हटलं गेलं. तुझ्याकडे कोणती कथा आहे, हा त्या कामातला मुख्य प्रश्न नव्हता.

खानदेशात जुने कागद जपण्याची परंपरा मोठी आहे. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी जमवलेल्या हस्तलिखितांचा ठेवा आहे. त्याच धुळ्यापासून उत्तरेला तापी ओलांडून डोंगर चढू लागलं की जपून ठेवलेला ऐवज कागदावर मिळत नाही, माणसांकडे मिळतो. इंदल या पूजेच्या रात्री कळमाच्या फांद्या आणून रोवतात, पूजा मांडतात आणि गायणा सुरू होतो. पृथ्वी कशी झाली, पाणी कुठून आलं, राणी काजल कोण, कुंदू राणो कोण, हे सगळं रात्रभर गाऊन सांगितलं जातं. एकटा गात नाही. मुख्य गाणारा ओळ टाकतो, दुसरे ती उचलतात, तोवर त्याला पुढची ओळ आठवायला वाव मिळतो. आख्यान इतक्या पिढ्या टिकलं त्यात या उचलण्याचा वाटा मोठा आहे.

याच गायणाचा लिहून काढलेला भाग त्याच गावात वाचून दाखवला की काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं असतं. वाचणारा बहुधा अकरावी-बारावीतला मुलगा. कागद कंदिलाजवळ किंवा मोबाइलच्या उजेडात धरतो. पहिल्या चार ओळी तो शाळेत धडा वाचतात तशा सपाट वाचतो. कोपऱ्यातला म्हातारा हात वर करतो. ‘थांब, इथे एक नदी राहिली.’ गायणात नद्यांची नावं ओळीने येतात, आणि एक वगळली तर पुढची वाट चुकते. मुलगा कागद पाहतो. कागदावर ती नदी नाहीच. ज्याच्याकडून लिहून घेतलं त्याच्या गावाकडून ती नदी वाहत नाही. मग म्हातारा तेवढा तुकडा गाऊन दाखवतो, मुलगा समासात पेन्सिलीने लिहून घेतो, आणि आता वाचताना त्याचा आवाज बदललेला असतो, कारण चाल कानात बसलेली असते. डाव्या पानांवर आम्ही रुंद समास सोडला आहे तो याचसाठी. ज्या घरांत हे पुस्तक जाईल तिथे एकाला वाचता येत असेल आणि दुसऱ्याला ते आधीच पाठ असेल. ती दोघं एकत्र बसली तरच पुस्तक पुरं होतं.

काठी गावच्या राजवाडी होळीबद्दल अलीकडे बरंच लिहून येतं. मोरपिसांचे टोप, कंबरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा-बुध्या, अंगावर राखेची नक्षी, पहाटे पेटणारी होळी. छायाचित्रं सुंदर येतात. त्या आधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजारही आता बातम्यांत असतात. पण त्या रात्री काय गायलं जातं, हे त्या छायाचित्रांखाली कुणी लिहीत नाही, म्हणून या पुस्तकात होळीचं एकही छायाचित्र घेतलेलं नाही.

लिहिणं या भागात जोमाने आलं ते चळवळीच्या पाठीवर. १९७०-७२ च्या सुमाराला शहादा-तळोद्याच्या सपाटीवर सालदारकी, मजुरी आणि हातची गेलेली जमीन यांवरून आदिवासी शेतमजूर उभे राहिले. अंबरसिंग महाराज, म्हणजे अंबरसिंग सुरतवंती, हे त्यांतले भिल्ल समाजाचे कार्यकर्ते. त्यांच्या गाण्यांची आणि भाषणांची आठवण अजून निघते. ते १९७४ मध्ये गेले. पुण्या-मुंबईहून आलेली शिकलेली मुलं श्रमिक संघटनेत सामील झाली. त्यांतले काही ‘मागोवा’ या मासिकाच्या वर्तुळातले होते. आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर इथे आले ते आयुष्यभर इथलेच झाले. ‘उठ वेड्या, तोड बेड्या’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं. ‘रोबो’ लिहिणारे कादंबरीकार दीनानाथ मनोहर संघटनेच्या कामासाठी आले आणि पुढे नंदुरबारलाच राहिले. मराठीतला एक महत्त्वाचा लेखक मोठ्या शहराबाहेर, मिरचीच्या पथाऱ्यांच्या या गावात बसून कादंबऱ्या लिहीत होता, हे आमच्याकडच्या विद्यार्थ्यांनाही सांगावं लागतं.

या सगळ्यांच्या बरोबरीने, आणि माझ्या मते या सगळ्यांहून पुढचं पाऊल टाकणारे, वाहरू सोनवणे. शहादा तालुक्यातले भिल्ल समाजाचे, श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ चा. ते भिलीत लिहितात आणि मराठीतही. त्यांची ‘स्टेज’ ही कविता अनेक भाषांत गेली, अभ्यासक्रमांत लागली. ज्यांचं दुःख त्यांच्या तोंडून न ऐकता दुसऱ्यांनी सांगायचं, या रीतीवर ती बोट ठेवते, आणि ते बोट शत्रूकडे रोखलेलं नाही. ते मित्रांकडे आहे. चळवळीतल्या, साहित्यातल्या, सद्हेतूने बोलणाऱ्या मित्रांकडे. म्हणूनच ती इतकी झोंबते. १९९० मध्ये पालघरला भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लिहिलेलं तेवढंच साहित्य, ही व्याख्या आदिवासींच्या बाबतीत अपुरी पडते, हा विचार त्यांनी त्या काळात ठामपणे मांडला. आज विद्यापीठांतून मौखिक साहित्याची चर्चासत्रं होतात. त्या चर्चेतली बरीच वाक्यं आधी शहाद्याच्या एका कार्यकर्त्याने बोलून ठेवलेली आहेत.

दुसरा प्रवाह नर्मदेकाठचा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं येत होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली त्यांतलं पहिलं. बुडणाऱ्या गावांत शाळा कागदावर असत, मास्तर क्वचित दिसत. नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा सुरू केल्या. तिथे मूल पहिल्या दिवशी स्वतःच्या भाषेत बसत होतं. अक्षरओळख पावरीत किंवा भिलोरीत, मग हळूहळू मराठी. पाठ्यपुस्तक हवं होतं आणि ते कुठे मिळत नव्हतं, तेव्हा तिथल्या गुरुजींनीच ते तयार केलं. गावातल्या म्हाताऱ्यांकडून झाडांची, माशांची, देवांची माहिती आणि जुन्या हकिगती विचारून घेतल्या आणि मुलांच्या हातात दिल्या. पोराच्या आज्याचं बोलणं पोराच्या पुस्तकात आलं. सातपुड्यात यापूर्वी असं क्वचितच झालं असेल.

नंदिनी ओझा यांचं ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने २०१७ मध्ये काढलं. केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे गुरुजी या नर्मदाकाठच्या दोघांनी जे सांगितलं ते ध्वनिमुद्रित करून, उतरवून त्यातून ते उभं राहिलं आहे. धरणावर वाचलंच पाहिजे असं पुस्तक मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. अहवालांत गाव ‘बाधित’ असतं. इथे त्या गावात नदीकाठी काय पिकायचं, कुणाशी सोयरीक व्हायची, पहिल्यांदा मोजणीदार आले तेव्हा लोकांना काय वाटलं, हे सगळं क्रमाने येतं. सांगणाऱ्याची वाक्यं सांगणाऱ्याचीच राहतात. आमच्या संग्रहाने काम करण्याची रीत बऱ्याच अंशी तिथून उचलली आहे. नर्मदेपलीकडे तेजगढला गणेश देवी यांनी उभं केलेलं भाषा केंद्राचं काम आणि उत्तर गुजरातेत भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिल्लांची महाकाव्यं ध्वनिमुद्रित करून ग्रंथरूपात आणणं, हेही नजरेसमोर होतं. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी २०१३ मध्ये संपादित केला. १९०७ च्या खंडाशेजारी तो ठेवून वाचावा.

आता आजचं. नंदुरबार किंवा शहाद्याच्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जा, जागा नसते. धडगाव, मोलगीकडून आलेली मुलं-मुली खोली करून राहतात, डबा आणतात आणि रात्रीपर्यंत वाचत बसतात. पोलीसभरती, तलाठी, राज्यसेवा. समोर चालू घडामोडींचा अंक, प्रश्नसंच, मराठी व्याकरणाचं पुस्तक, कडेला रेघा मारलेलं. साहित्यिक मंडळी या वाचनाला नाक मुरडतात. मला ते अजिबात पटत नाही. दिवसाला दहा-बारा तास पुस्तकाला चिकटून बसणारी एवढी मोठी पिढी या जिल्ह्याने आधी पाहिलेली नाही. तिला कविता-कादंबरी आणून देणारं कुणी नाही, ही तक्रार आपल्याबद्दल करावी. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ ते ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. पण गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला जे मिळतं त्यात वर्तमानपत्रं आणि थोडी पुस्तकं बसतात. ग्रंथपालाला सन्मानाने जगता येईल एवढा पगार बसत नाही. आणि त्या कपाटात वाचकाच्या मातृभाषेतलं पुस्तक शोधलं तर बहुधा एकही नसतं.

ही पुस्तकं लिहिली जात आहेत. संतोष पावरा यांचा ‘ढोल’ हा पावरी भाषेतला कवितासंग्रह आहे. नव्या मुलांच्या कविता मोबाइलवरून फिरतात, पावरी आणि अहिराणी गाणी यूट्यूबवर कितीतरी लोक ऐकतात. कान तयार आहे, वाचक तयार होतोय, आणि छापील पुस्तक मध्येच कुठेतरी अडकलेलं आहे. पावरी उत्तम बोलणाऱ्या आजीला वाचता येत नाही. वाचणारी नात मराठीत शिकली, तिला पावरी लिहिलेली पाहायची सवय नाही. पहिली दोन पानं तिलाही जड जातात. तिसऱ्या पानापासून ती हसायला लागते, कारण आपल्या घरातलं बोलणं छापलेलं दिसतं.

लेखनाच्या नियमांबद्दल थोडं. गिळलेला स्वर, ओढलेला स्वर देवनागरीत नेमका उतरत नाही. एकच शब्द अक्राणीत एका तऱ्हेने उच्चारतात, शहाद्याकडे दुसऱ्या. प्रमाण रूप ठरवा असा आग्रह काही अभ्यासक मित्रांनी धरला. आम्ही तो मानला नाही. ज्या गावचा मजकूर, त्या गावचा उच्चार. त्यामुळे एकच शब्द या पुस्तकात दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळेल आणि तो छपाईचा दोष समजू नये. प्रमाण रूप घडायचं असेल तर त्या भाषेत लिहिणारे पन्नास-शंभर लोक आधी होऊ द्यावेत. ते आपसांत ठरवतील.

राहिला नावांचा प्रश्न. लोकसाहित्याच्या मराठी पुस्तकांवर वर्षानुवर्षं संकलकाचं नाव ठळक आणि गाणारे परिशिष्टात ‘निवेदक’ म्हणून, वय आणि गावासह, अशी रीत चालत आली. अनुक्रमणिकेत आम्ही गाणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं नाव लेखक म्हणून घातलं आहे. लिहून घेणारा आणि अनुवादक त्याच्या खाली, बारीक टाइपात. मानधनही त्याच क्रमाने दिलं. दोघा-तिघांनी मात्र नाव द्यायला नकार दिला. हे माझं नाही, माझ्या आधीचं आहे, उद्या दुसरा गाईल तेव्हा त्याला माझी परवानगी लागेल का, असं त्यांतल्या एका गायकाने विचारलं. त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या गाण्यांपुढे लेखकाच्या जागी गावाचं नाव छापलं आहे आणि मानधन गावाच्या इंदलसाठी दिलं आहे. कॉपीराइटच्या पानावर, हे भाग कुणालाही कुठेही गाता आणि छापता येतील, असं वेगळं कलम घातलं आहे.